जुन्या पंपातली नवी डबी

१२ जानेवारी

निवृत्त माणसाने रोज काहीतरी लिहावं, डोकं शाबूत राहतं, असं मुलीचं म्हणणं. तिने ही डायरी पाठवली त्यालाही बरेच दिवस झाले. आज लिहायला घेतली, कारण आज चारचौघांत माझा पोपट झाला आणि ते कुणाला तरी सांगायला हवं. हिला सांगून उपयोग नाही, पोपट हिनेच केला.

झालं असं, की हिचा दम्याचा पंप संपत आला म्हणून आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो. तो म्हणाला, त्या कंपनीचा माल हल्ली धड येत नाही, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं आहे, जेनेरिक, ते घेऊन जा. ही म्हणाली, नको. आता मी आयुष्यभर गोळ्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम केलेला माणूस. गोळी किती वेळात विरघळते, तिच्यात औषध नेमकं किती आहे, हे बघून सही करायची, हाच माझा धंदा. मी तिथेच, रांगेतल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं की औषध ते औषध, वरचं नाव म्हणजे नुसते कपडे. बोलण्याच्या भरात आमच्याकडे एकाच यंत्रातून निघून दोन कंपन्यांच्या खोक्यांत जाणाऱ्या गोळ्यांची गोष्टही सांगून टाकली. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "झालं? आता दुसरं दुकान बघता, की मी जाऊ?"

रांग हसली. केमिस्टने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मी बाजारातली दुकानं पालथी घालून शेवटी एकीकडून तिचा तो राखाडी पंप आणला. तिने नुसतं "आणलात?" म्हटलं आणि पर्समध्ये टाकला. माझ्या म्हणण्याला काही किंमत आहे की नाही, हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला असं नाही.

हिला दमा लग्नाआधीपासून आहे. त्यावर हिने स्वतःच इलाज काढला, पोहायला शिकली आणि पुढे शिकवायलाच लागली. सार्वजनिक तलावावर सकाळी बायकांची बॅच घेते, तीही पाण्याला घाबरणाऱ्या बायकांची. पायरीवर उभं राहूनही कठडा न सोडणाऱ्या बायकांना ही पाण्यावर उताणं तरंगायला लावते. सकाळ-संध्याकाळ पंप आणि मध्येच दम लागला तर आणखी एकदा, एवढ्यावर तिचं सगळं चालतं. छातीत जरा खुट्ट झालं तरी तिला आधी कळतं. त्या बाबतीत ती डॉक्टरांचंही पटकन ऐकत नाही, माझी काय कथा.


२९ जानेवारी

पुन्हा तेच. मागच्या वेळी मिळालेला छोटा पंपही संपत आला आणि या वेळी राखाडी पंप बाजारात कुठेच नाही. एका दुकानात पुढच्या आठवड्यात चौकशी करा म्हणाले. घरी येऊन मी सांगितलं की आता तरी जेनेरिक घे. ती म्हणाली, एकदा घेतला होता कुठलातरी, घशात वेगळाच लागला. मी म्हणालो, हे सगळं मनाचं आहे. डोळे बांधून दोन्ही दिले तर तुला फरक सांगता येणार नाही.

"तुमच्या गोळ्यांचं मला काही शिकवू नका," ती म्हणाली. "छाती माझी आहे."

मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला पंच केलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणता ते बरोबरही असेल. पण आईला तिचा पंप मिळाला तर तुमचं काय जातं?" म्हणजे बरोबर मी आणि ऐकायचं तिचं. कारखान्यात माझ्या सहीशिवाय गाडी गेटबाहेर पडत नव्हती. घरात माझं मत भिंतीवरच्या घड्याळासारखं झालंय, टिकटिक चालू असते, बघत कुणी नाही.

संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरून जेनेरिक पंप घेतला. किंमत निम्म्याहून कमी, पण खरं सांगतो, पैशांचा प्रश्न नव्हताच. माझ्या हट्टाचा होता.


३० जानेवारी

आज जे केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तारखेवरून वाद नको.

ती तलावाहून येऊन आंघोळीला गेली तेव्हा तिचा राखाडी पंप घेतला. आतली जुनी डबी उपसून काढली आणि जेनेरिकची नवी डबी आत बसवली. नव्या पंपाचं प्लास्टिक केशरी आहे, ते लगेच ओळखू आलं असतं. डबी मात्र दोन्हींची दिसायला सारखीच. नाव लिहिलेला भाग आत जातो आणि वर दिसतं ते नुसतं चकचकीत बूड. नवी डबी जुन्या प्लास्टिकमध्ये किंचित ढिली बसत होती, हलवलं की खुळखुळायची. मी कागदाची एक बारीक पट्टी घडी करून कडेला सारली. मग अगदी घट्ट बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताला जी सफाई आली ती वाया गेलेली नाही, एवढं बघून बरं वाटलं. केशरी प्लास्टिक माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकलं.

तिला म्हणालो, नवा पंप मिळाला, पर्समध्ये घालून ठेवलाय. ती म्हणाली, "बघा, शोधलं की मिळतं." आणि माझ्यासाठी चहा टाकला.

बेत असा आहे. महिनाभर काही बोलायचं नाही. महिन्याने, मुलगी सुट्टीला येईल तेव्हा, दोघींच्या समोर केशरी प्लास्टिक टेबलावर ठेवायचं आणि सांगायचं की बाईसाहेब, महिनाभर आपण जेनेरिकवर पोहताय. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मी एकटाच हसलो. चहा घेताना मात्र तिच्याकडे बघवेना. थोडी लाज वाटली, नाकारत नाही. पण आपण काही विष दिलेलं नाही, तेच औषध दिलंय.


४ फेब्रुवारी

आज सकाळी पंप घेतल्यावर ती जिभेने टाळू चाचपत उभी राहिली. म्हणाली, हा जरा वेगळा लागतोय का हो? मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, तुझं तोंड आलं असेल. ती म्हणाली, असेल.

इतकं चटकन मान्य केलं याचं मलाच नवल वाटलं. एरवी मीठ कमी-जास्त यावरूनही ती माघार घेत नाही.

नंतर पंप पुसायला घेतला तेव्हा डबीच्या कडेला आणि कागदाच्या पट्टीवर पांढरी पावडर साचली होती. रुमालाने पुसून टाकली, पट्टी बदलली.


११ फेब्रुवारी

ही जिन्यात थांबायला लागली आहे. वरच्या मजल्यावरच्या वळणावर पिशवी खाली ठेवते आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघत असल्यासारखं करते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, जरा वारा घेते. पंपही वरचेवर ओढते आहे. दुपारी तिने माझ्यासमोर येऊन बसून विचारलं, "खरं सांगा, हा पंप त्याच कंपनीचा आहे ना? नकली माल बिल नाही ना?"

मी म्हणालो, समोर राखाडी पंप दिसतोय ना तुला. हे काही खोटं नाही, पंप राखाडीच आहे. मग मी जरा दमात घेऊन तिला सांगितलं की तू घाबरतेस, घाबरलं की श्वास वर लागतो, श्वास वर लागला की आणखी घाबरतेस. तुझ्या त्या बायकांना तू हेच सांगतेस ना?

तिने पंप पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "वय झालं की माणूस असा होतो का हो? मला आधी कळायचं. दम येतोय की भीती आहे, मला नेमकं कळायचं." मी म्हणालो, होतं असं. वास्तविक वयात मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठा.

आता वाटतं, हवा बदलली असेल. तलावातल्या पाण्यात औषधही जास्त टाकतात हल्ली. डबीतल्या औषधाचा यात संबंध नाही, ते मी छातीठोक सांगू शकतो.


१७ फेब्रुवारी

सकाळी तलावावरून फोन आला. पाण्यातच हिला जोराचा दम लागला. बॅचमधली एक बाई खोल बाजूला घाबरून हातपाय मारायला लागली होती, हिने तिला पकडून काठाला आणलं आणि मग हिलाच कठडा धरून वर येता येईना. पंप काठावर टॉवेलमध्ये होता. तो तिने ओढला, पुन्हा ओढला, पुन्हा ओढला, काही फरक पडेना. शेवटी तलावाच्या जीवरक्षकाने आणि ज्या बाईला हिने वाचवलं तिने मिळून हिला बाहेर घेतलं.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तोंडावर मास्क लावून वाफ चालू होती. केस ओले, पोहण्याच्या कपड्यांवर कुणाचातरी मोठा टॉवेल. ओठ निळसर पडले होते. मला बघून तिने हात वर केला, म्हणजे बरी आहे. मी स्टूल ओढून बसलो.

डॉक्टरांनी विचारलं, पंप कुठला घेतात? तो माझ्याकडेच होता, जीवरक्षकाने आणून दिला होता. मी पुढे केला. डॉक्टरांनी राखाडी प्लास्टिक पाहिलं, म्हणाले, औषध चांगलं आहे, डोसही व्यवस्थित आहे, एवढ्यावर असा झटका यायला नको होता. नियमित घेतात ना? मी म्हणालो, हो, नियमित.

तेवढं एक वाक्य सांगायचं राहिलं. ते राहिलं नाही, मी गिळलं. मला वाटलं, औषध तर तेच आहे, सांगून डॉक्टरांच्या निर्णयात काय फरक पडणार? आणि मास्कवरून ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी मग तिला विचारलं की घरात काही ताण आहे का, झोप लागते का. तिने मान हलवली. ते म्हणाले, या वयात मनावरचा ताणही छातीवर येतो. मन शांत राहायची एक गोळी लिहून दिली, पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्याही दिल्या आणि पंपाचा डोस वाढवला.

मी औषधं आणायला खाली गेलो. जिन्यात मला लक्षात आलं की पंप मी अजून मुठीत घट्ट धरून आहे.


१९ फेब्रुवारी

ती बरी आहे, पण त्या गोळीने दिवसभर डोळे मिटतात. आज तलावाच्या मॅनेजरना फोन करून सांगितलं की आता मी यायची नाही. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. "नाही, दम्याचं नाही," ती म्हणत होती, "माझं मनच घाबरट झालंय. घाबरट बाईने घाबरट बायकांना काय शिकवायचं?" आणि हसली. मॅनेजर काय म्हणाले कळलं नाही, तिने फोन ठेवला.

मी आत जायला हवं होतं. गेलो नाही.


२१ फेब्रुवारी

दुपारची गोष्ट. ती झोपली होती. पंप कितपत उरलाय ते बघावं म्हणून मी खिडकीशी गेलो, हलवला आणि हवेत एकदा दाबला. उन्हात नीट दिसलं. तोंडाच्या बाजूने जेमतेम धूर निघाला आणि बाकीचं औषध डबीच्या कडेने उलटं वर येऊन माझ्या अंगठ्यावर पसरलं. पांढरा, थंडगार ओला ठिपका.

मी परत दाबला. परत तेच.

मग पेटीतून ते केशरी प्लास्टिक काढलं, डबी त्यात बसवली आणि दाबली. सुळ्ळकन सरळ फवारा उडाला, खिडकीच्या काचेपर्यंत गेला.

मी तिथेच जमिनीवर बसलो. डबीच्या टोकाची नळी आणि ती ज्या भोकात बसते ते भोक, दोन कंपन्यांचं एकसारखं नाही. इतकं साधं. औषधात खोट नव्हती, अजिबात नव्हती. ते तिच्या छातीत पोहोचतच नव्हतं. मी घडी घातलेली पट्टी ते सगळं नीट घट्ट धरून होती. नोकरीत असताना एखाद्या कामगाराने असं काही माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. आणि पांढरी पावडर मी रुमालाने पुसत होतो, जवळजवळ रोज. दिसत होतं, पण बघायचं नव्हतं.

तिने तलावाच्या काठावर तीनदा ओढला होता. तीनदा.

स्वतःचीच इतकी किळस मला याआधी आलेली आठवत नाही. उठून हात धुतले. अंगठा परत परत धूत होतो.


२२ फेब्रुवारी

तिला काहीतरी थाप मारून, तिच्या उशाशी डबीसकट केशरी पंप ठेवून देता आला असता. पण केशरी कुठून आला म्हणून विचारलं असतं. म्हणून बसने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. जाताना वाटेतल्या प्रत्येक केमिस्टकडे उतरत होतो. एकाकडे राखाडी मिळाला. परत आल्यावर, ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात, पर्समधला पंप उचलून त्या जागी नवा ठेवला. अगदी खरा, त्याच कंपनीचा, त्याच प्लास्टिकमधला.

आता सगळं जागेवर आहे. कुणाला काही कळायचं कारण नाही. लिहितानाही हे वाक्य मला नीट वाचवत नाही.


२८ फेब्रुवारी

ती ठणठणीत आहे. जिना न थांबता चढते. आज सकाळी चहा पिताना म्हणाली, त्या मनाच्या गोळीने चमत्कार केला. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुपारी मुलीचा फोन आला. हिने तो स्पीकरवर ठेवला आणि माझ्या समोर तिला सांगितलं, "तुझे बाबा बरोबर होते गं. मी उगीच पंपाला नावं ठेवत होते, सगळं माझ्या डोक्यात होतं. इतकी वर्षं यांना मी बोलू दिलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं चुकलं हो."

मुलगी पलीकडून म्हणाली, वा बाबा, जिंकलात.

बायकोने असं म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली असेल. आज मला खुर्ची सोडून कुठे जावं कळेना. भांडी आवरायच्या निमित्ताने उठलो आणि नळ मोठा सोडून तिथेच उभा राहिलो. ती गोळी ती आयुष्यभर घेईल. आणि छातीत काही झालं तर आधी स्वतःवर संशय घेईल.


१ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि वर्तमानपत्रातल्या बातमीवर बोललो.


२ मार्च

सांगितलं.

ती कपाट आवरत होती. पोहण्याच्या टोप्या, शिट्टी, बायकांना धरायला द्यायच्या फळ्या, सगळं एका पिशवीत भरत होती, नव्या शिकवणाऱ्या बाईंना द्यायला. मी केशरी प्लास्टिक, ती डबी आणि कागदाची पट्टी तिच्यासमोर पलंगावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. महिन्याने तिला कसं चकित करणार होतो, तेही सांगितलं. मधे तारखा चुकलो, परत मागे गेलो. तिने मला थांबवलं नाही, मदतही केली नाही.

संपल्यावर तिने विचारलं, "तलावावर माझ्याकडे होता तो हाच?"

हो म्हणालो.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, डबी बदललेली माहीत होती. फवारा बाहेर येत नाही हे माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. माझं मलाच ते कसंतरी वाटलं. तिने ती पट्टी उचलली, उलगडली. विजेच्या बिलाचा कपटा होता. परत घडी घालून जागेवर ठेवली.

मग म्हणाली, "दम लागला त्याचं मला काही नाही. दम मला नवा नाही. पण मला कळत होतं, पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तुमचं ऐकून मी स्वतःला खोटं पाडलं. सगळ्यांना सांगत सुटले, मी घाबरट आहे म्हणून. त्याचं मी काय करू?"

मी माफ कर म्हणालो. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. पिशवीतली शिट्टी काढून तिने परत कपाटात ठेवली. एवढंच केलं, बाकीचं सामान तसंच राहिलं.


५ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. तिने एकच अट घातली होती, सांगायचं मी, आणि तिच्यासमोर.

सांगताना मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. निवृत्त तपासनीस आहे हेही सांगावं लागलं, कारण त्यांनी विचारलं की हे तुम्हाला सुचलं कसं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, प्रत्येक डबी तिच्या स्वतःच्याच प्लास्टिकमध्ये वापरायची असते, आणि मला त्या दिवशी खरं कळलं असतं तर ही मनाची गोळी मी लिहिलीच नसती. ती बंद केली. पंपाचा डोसही पूर्वीचा केला. मग हिच्याकडे वळून पुढचं सगळं हिच्याशीच बोलले. मी तिथे होतो की नव्हतो याने काही फरक पडत नव्हता.

हिने त्यांना विचारलं, "जेनेरिक चालेल का मला? त्याच्या स्वतःच्या प्लास्टिकमध्ये?" ते म्हणाले, बिनधास्त, औषध तेच आहे.

येताना ती एकटीच केमिस्टच्या दुकानात शिरली आणि केशरी पंप घेऊन आली. मी फुटपाथवर उभा होतो. काचेतून दिसत होतं, तिने केमिस्टला काहीतरी विचारलं, त्याने डबी काढून कशी बसते ते दाखवलं. तिने स्वतः बसवून बघितली.


१२ मार्च

केशरी पंप तिला व्यवस्थित लागू पडलाय. घशात वेगळा लागतो म्हणते, पण श्वासाला मोकळा आहे. म्हणजे औषधाच्या बाबतीत मी पहिल्यापासून बरोबर होतो. मुलीने काल फोनवर मला हे ऐकवलं. आईने तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "बरोबर होतात ना बाबा? मग झालं तर." आणि फोन आईला द्या म्हणाली.

ही आजपासून परत तलावावर जायला लागली. बॅचमधल्या बायकांना तिने काय सांगितलं, मी विचारलं नाही. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. जेवायला वाढते, बिलं भरलीत का विचारते. पंप पर्समध्ये असतो आणि पर्स आता खुंटीला नसते, तिच्या कपाटात असते.


२० मार्च

आमच्या इमारतीच्या जिन्याला आज रंग देत होते. उग्र वास घरभर शिरला. ही स्वयंपाकघरात होती, मी बाहेर. खोकला ऐकला आणि गेलो तर ती ओट्याला धरून वाकलेली, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तिने कपाटाकडे बोट दाखवलं. मी धावत जाऊन पर्स उघडली, केशरी पंप काढला, टोपण काढून तिच्यासमोर धरला.

तिने घेतला. आणि तोंडाला लावला नाही.

एका हाताने ओटा धरून दुसऱ्या हाताने तिने डबी उपसून वर काढली, वळवून तिच्यावरचं नाव वाचलं, आतल्या भोकात बघितलं. डबी एकदा निसटली, तिने पोटाशी दाबून धरली. छाती वरखाली होत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हणालो, अगं आधी घे. तिने मान हलवली. डबी परत बसवली, घट्ट बसली का ते दाबून पाहिलं, हलवला, आणि मग ओठात धरला.

श्वास हळूहळू खाली बसला. मी खिडक्या उघडल्या, खुर्ची आणून ठेवली. ती बसली नाही. आपण केलं ते बरोबरच केलं, असा भाव तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता आणि रागही नव्हता. रस्ता ओलांडताना माणूस दोन्हीकडे बघतो, तशी तिने आता ही सवय लावून घेतली आहे. श्वास पुरत नसला तरी, माझ्या हातून आलेली वस्तू आधी ती तपासणार.